हंड्यात कोंडलेला शब्द

एका राज्यात एके सकाळी कुणालाच भूक लागली नाही.

हे सर्वांत आधी कळलं सगुणेला. सगुणा राजवाड्याची थोरली स्वयंपाकीण. साठी उलटलेली, हात रुंद, आवाज त्याहून रुंद. तिच्या मुदपाकखान्यातून रोज शंभर ताटं भरून जात आणि लख्ख होऊन परत येत. त्या दिवशी शंभर ताटं गेली तशीच परत आली. मीठ जास्त पडलं की काय, म्हणून तिनं वरण चाखलं. ते खारट लागलं नाही, आंबट लागलं नाही. काहीच लागलं नाही.

दिवस मावळेतो राज्यभर हाकाटी झाली. दुधाला विरजण लागेना. दारांच्या कड्या लागेनात. दरबारी गवई तंबोरा घेऊन बसला तो बसलाच, सूर काही लागेना. वाती तेलात बुडून गेल्या, पण दिवे लागेनात. पाठशाळेत गुरुजी गरजले, "पाढे म्हणावेच लागतील!" आणि पोरांना काही म्हणावे लागले नाहीत. ती उठून चिंचेवर जाऊन बसली. पोरं तेवढी खुशीत होती.

पण राजा धवलकेतूच्या महालात तेरा दिवसांची राजकन्या होती. तिलाही भूक लागेना. राणी वसुमती तिला छातीशी धरी, कापसाच्या बोळ्यानं ओठांवर दूध पिळी. थेंब आत जाई, थेंब बाहेर येई. बाळ ना रडे, ना झोपे. टक्क डोळे उघडून छताकडे पाही. दोन दिवसांत त्याचे गाल उतरले.

राजानं सेनापतीला उपाय शोधायला धाडलं. दोनशे घोडे दिवसभर दौडले, पण वेशीबाहेरचं पहिलं गावच लागेना. घामाघूम होऊन ते परत आले.

तिसऱ्या दिवशी सगुणा विझल्या चुलीपुढे बसून डोळे पुसत होती. तेव्हा खिडकीत एक धनेश पक्षी येऊन बसला. तिनं घातलेली उंबरं खाऊनच तो मोठा झाला होता. तो माणसासारखा बोले, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे.

"सगुणे, हा शाप आहे," धनेश म्हणाला. "बारशाच्या दिवशी तू इथे लाडू वळत होतीस, तेव्हा महाद्वारी एक बाई आली. अंगावर धूळ, केसांत काटक्या. म्हणाली, 'मी बाळाची आत्या. नाव ठेवायला आले.' दारात पाहुणे राजे उभे होते. धवलकेतूनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, 'तू आमची कोण लागतेस?' ती म्हणाली, 'मी कुणी लागत नाही? मग तुझ्या राज्यात कुणाला काहीच न लागो!' आणि आली तशी गेली. बारसं तसंच राहिलं."

सगुणेच्या हातची पळी खाली पडली. "नीलांबरी! माझी नीलू!"

दोन्ही भावंडांना तिनंच भरवून वाढवलं होतं. थोरली नीलांबरी सोळाव्या वर्षी काजळगडावर जादू शिकायला निघून गेली, आणि थोरल्या महाराजांनी तिचं नाव उच्चारायला बंदी केली.

"मी जाते," सगुणा म्हणाली. "पण वाटेत गावं लागत नाहीत, त्याचं काय?"

"शापाला शब्द तेवढा कळतो. गाव लागू दे म्हणू नकोस, येऊ दे म्हण."

"मग भुकेलाही दुसरा शब्द शोधू की!"

"नाही गं तसा शब्द. असता तर एव्हाना तूच शोधला असतास."

सगुणेनं पदर खोचला, पिशवीत पीठ, तांदूळ, वांगी, लसूण आणि तेलाची बुधली घातली, आणि निघाली. "टेकडी येऊ दे," ती म्हणे, आणि टेकडी येई. अशा सात टेकड्या आल्या आणि गेल्या. उजाडता उजाडता काजळगडाचं दार आलं.

दार नीलांबरीनं स्वतः उघडलं. तिचे डोळे लाल होते, खोबण्या खोल गेल्या होत्या.

"सगुणामाय, आलीस! मला वाटलंच होतं, कुणी आलं तर तूच येशील."

"ताईसाहेब, शाप मागं घ्या. बाळ उपाशी आहे."

नीलांबरीचा चेहरा पांढरा पडला. "बाळसुद्धा? माझ्या मनात ते आलंच नाही." तिनं सगुणेला आत नेलं. तिथे तांब्याचा एक हंडा होता. तोंडावर लाखेच्या तीन मोहरा, आणि आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुण.

"रागाच्या भरात एक शब्द यात कोंडला," ती म्हणाली. "आता या मोहरा माझ्याही हातानं तुटत नाहीत. मला भूक लागेल तेव्हा पहिली तुटेल. डोळा लागेल तेव्हा दुसरी. पण माझा शाप मलाही सोडत नाही, माय. तीन दिवस घास नाही, झोप नाही."

"आणि तिसरी?"

नीलांबरीनं मान फिरवली.

"बरं, तिसरीचं मग पाहू," सगुणा म्हणाली. "चूल कुठे आहे?"

तिनं निखाऱ्यांत वांगी पुरली. भाकऱ्या थापल्या. वांगी सोलून कुस्करली आणि वर लसणीची फोडणी ओतली. चर्र आवाज झाला, आणि तो वास गडभर हिंडून खिडकीशी पाठमोऱ्या बसलेल्या नीलांबरीपाशी येऊन थांबला. सगुणेनं 'जेवा' म्हटलं नाही. ती नुसती भाकरीवरचं पीठ झटकत राहिली.

नीलांबरीच्या तोंडाला पाणी सुटलं. शाप लागण्यावर होता, सुटण्यावर नव्हता. तिनं भरतात एक बोट बुडवून चाटलं. मग दुसरं बुडवलं. पोटातून गुरगुर ऐकू आली तशी ती दचकली, आणि हंड्यावरची पहिली मोहर ताडकन तुटली.

चार भाकऱ्या संपल्यावर सगुणेनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतल्या काटक्या एकेक वेचल्या. टाळूवर तेल थापलं. "बाळाचं नाक तुमच्यावर गेलंय," ती सांगत राहिली. "कपाळ राणीसाहेबांचं. अंगठा मात्र कुणावर गेलाय कोण जाणे, बटाट्यासारखा आहे." नीलांबरी हसली. पापण्या जड झाल्या. जड होण्यावरही शाप नव्हता. भर दुपारी ती घोरत पडली आणि दुसरी मोहर तुटली. सगुणेच्या पायाला मुंग्या आल्या, पण तिनं मांडी हलवली नाही. धनेशाला हळूच म्हणाली, "महाराजांना सांग, 'गड येऊ दे' म्हणत पायी या. बाळाला आणि राणीसाहेबांना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी सगुणेनं चुलीवर भात चढवला, तोच राजा धवलकेतू अनवाणी गडाशी आला. मागे राणी, तिच्या हातात बाळ. दारात राजाचे पाय अडले.

"सगुणाबाई, मी वाकलो तर पाहुणे राजे हसतील."

"हसू द्यात, महाराज. तुम्ही पहिलं पाऊल टाकलंत तेव्हा बोट कुणी धरलं होतं? मी तर चुलीपाशी होते."

तेवढ्यात नीलांबरी बाहेर आली. तिनं आधी बाळाकडे पाहिलं आणि तिचा हात छातीवर गेला. धवलकेतू वाकला. तिच्या पायांवरची धूळ त्याच्या कपाळाला आली.

"ताई, त्या दिवशी मला तुझ्या कपड्यांची लाज वाटली. आज माझी वाटते."

"एवढंच सांग. मी तुझी कोण?"

राणीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बहीण," तो म्हणाला. "माझी थोरली बहीण लागतेस."

तिसरी मोहर तुटली. हंड्यातून गुणगुणतं काहीतरी निघालं, माणसांच्या डोक्यांवरून गेलं आणि सातही टेकड्या ओलांडून पसरलं. त्याच क्षणी राजकन्या ओठ मुडपून रडू लागली. भुकेचं, खणखणीत, गड दुमदुमून टाकणारं रडणं! राणी तिथेच पायरीवर बसली आणि तिनं बाळाला पाजायला घेतलं. ते चुटूचुटू आवाज ऐकत एक राजा, एक जादूगारीण आणि एक स्वयंपाकीण पदराआड, शेल्याआड डोळे पुसत उभी राहिली. दूर राजधानीत दिवे लागले. चिंचेवरची पोरं मुकाट्यानं खाली उतरली.

बाळ पिऊन तृप्त झालं, तेव्हा नीलांबरीनं त्याला मांडीवर घेतलं. आत्याचा मान आत्याला मिळाला. तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि सर्वांना ऐकू जाईल असं नाव घेतलं:

"सगुणा."

"अहो, हे काय भलतंच!" सगुणा कानांपर्यंत लाल झाली. "राजकन्येला कुणी स्वयंपाकिणीचं नाव ठेवतं का?"

"मी ठेवते," नीलांबरी म्हणाली.

"आम्हीही ठेवतो," राजा म्हणाला. राणीनं नुसती मान हलवली, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

सगुणा पदर तोंडाशी धरून उभी राहिली. आणि मग राजानं नाक वर करून विचारलं, "कसला वास येतो आहे?"

"अगं बाई!" सगुणा किंचाळली. "भात लागला!"

ती धावली. मागोमाग राजा, राणी, बाळाला घेऊन नीलांबरी, वरून धनेश. पातेल्यातला भात बुडाशी चांगला काळा झाला होता. उभ्या जन्मात सगुणेच्या हातून असं झालं नव्हतं. पण पाच दिवसांची भूक एकदम लागलेली. राजानं फतकल मारली आणि ताट पुढे केलं. वरचा भात संपला. मग बुडाच्या खरवडीवरून बहीणभावांत भांडण लागलं, आणि ते सगुणेला पळी उगारून सोडवावं लागलं.

तिकडे त्यांची पंगत उठली, इकडे तुमची-आमची बसो.