घणवाडीची शाळा नेमकी कुणाची?

"शाळा माझी!" राजा वीरभद्र गरजला.

"शाळा गावाची!" घणवाडीचे पाटील उमाजीराव त्याहून मोठ्यानं गरजले.

आणि ज्यांच्यासाठी ही शाळा होती, त्या पोरांना यातलं एक अक्षरही ऐकू येत नव्हतं. कारण ती शाळा मुळी ऐकू न येणाऱ्या मुलांचीच होती!

घणवाडी म्हणजे तांबटांचं गाव. दिवसभर घरोघरी हंड्या-घागरींवर हातोड्या चालायच्या. त्या ठणठणाटात तोंडानं बोलून कुणाला काय कळणार, कपाळ? म्हणून अख्खं गाव हातांनी बोलायचं. भाव करायचा हातांनी, भांडायचं हातांनी, लग्नाची बोलणीसुद्धा हातांनीच! त्यामुळे बहिरी मुलंही तिथे मजेत शिकायची. धान्य-कापड राजाकडून यायचं, शिकवायचं गावानं.

पण सुरळीत चाललेलं बघवेल तर ते दिवाण कसले! दिवाण त्र्यंबकरावांनी राजधानीत बसल्या बसल्या नियम काढला. साऱ्या राज्यात एकच पद्धत! मुलांना राजधानीत आणायचं, त्यांचे हात पाठीमागे बांधायचे आणि तोंडानं पाढे म्हणवून घ्यायचे. घणवाडी कुठल्या दिशेला आहे, हेसुद्धा दिवाणांना ठाऊक नव्हतं.

पाटलांचं म्हणणं वेगळंच. "धान्याची पोती टाका आणि निघा! आत काय चालतं ते आमचं आम्ही बघू!"

हे भांडण भर दरबारात चाललं होतं आणि कोपऱ्यात मल्हारी तांबट घाम पुसत उभा होता. शेजारी त्याची लेक बयजा. बयजा जन्मापासून बहिरी. त्याच शाळेत शिकली आणि आता धाकट्यांना शिकवत होती. तिचे हात बांधायचे म्हणजे तिचं तोंडच शिवायचं! दरबारातला शब्दन् शब्द मल्हारी तिला हातांनी सांगत होता.

बयजानं भराभर हात हलवले. मल्हारीनं हात जोडले. "महाराज, ती म्हणते, शाळा दोघांची असू द्या."

"एका गाडीला दोन गाडीवान?" राजा उसळला. "बरं! मग तुझ्या लेकीनं दोन धनी सांभाळून दाखवावेत. मी एक हुकूम देईन, पाटील उलटा देतील. दोन्ही एकाच वेळी पाळायचे. जमलं तर तिचं खरं. नाही जमलं तर शाळाच बंद! रोजची कटकट नको!"

पाटील मिशीतल्या मिशीत हसले. शाळा बंद पडली तर तिची प्रशस्त खोली कुणाच्या हाती लागणार होती, ते त्यांना पक्कं माहीत होतं.

मल्हारी हातांनी विनवू लागला, "नको गं पोरी! चल घरी!" बयजानं सरळ डोळेच मिटून घेतले. संपला वाद! बहिऱ्या लेकीपुढे बापाचं काही चालत नाही ते असं.

"बस!" राजानं फर्मावलं.

"दरबाराला फेरी मार!" पाटील ओरडले.

मल्हारीनं दोन्ही हुकूम हातांनी सांगितले. राजाला चालायचा भारी कंटाळा, त्यामुळे त्याची पालखी सिंहासनाशेजारीच असायची. बयजा ऐटीत पालखीत जाऊन बसली! कुणी बसलं की उचलायचं, एवढंच भोयांना ठाऊक. त्यांनी पालखी उचलली आणि दरबाराला फेरी मारून आणली.

"ही लबाडी झाली!" राजा चिडला. "आता खरा हुकूम ऐक. बोल! मनात असेल ते सगळं बोल!"

"आणि गप्प राहा!" पाटील लगेच म्हणाले. "तोंडातून चकार शब्द निघता कामा नये!"

मल्हारीनं हातांनी तेही सांगितलं. बयजाचा चेहरा एकदम खुलला. तिनं बांगड्या मागे सारल्या आणि ती बोलू लागली. मिशीला पीळ दिला. डोक्यावरून भारे वाहिले. कपाळाला शिंगं लावली. भलंमोठं पोट दाखवून त्यावर हात फिरवला. दरबारात आवाज म्हणून नव्हता!

राजा बघतच राहिला. "बोलली तर खरी... आणि गप्पही राहिली! पण बोलली काय? दिवाणजी, नियम तुम्ही केलेत. सांगा!"

दिवाण घुटमळले. "महाराज, माश्या हाकलत असावी."

"पाटील, तुम्ही तर घणवाडीचेच. तुम्हाला कळलं ना?"

पाटील कानापर्यंत लाल झाले. "हो तर! ती म्हणते, पाटील फार सज्जन आहेत."

"मग शिंगं कशाला काढली? मल्हारी, तू सांग. खरं सांगशील तर तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही!"

मल्हारीनं एकदा पाटलांकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. "महाराज, ती म्हणते, पाटलांनी शाळेत कडबा भरलाय. मुलांना म्हशी राखायला धाडतात. अन् आपलं धान्य त्या म्हशीच खातात."

"आणि ते भलंमोठं पोट?"

मल्हारीनं डोळे गच्च मिटले. "ती... आमच्याकडे आपल्या नावाची खूण आहे, महाराज."

बयजानं पुन्हा हात उचलले आणि मल्हारीला सांगावंच लागलं. "ती विचारते, दिवाणांना कळलं नाही आणि पाटलांना कळूनही सांगवलं नाही. मग या दोघांपैकी एकट्याच्या हाती शाळा द्यायची तर कुणाच्या, ते महाराजांनीच सांगावं!"

राजानं दिवाणांकडे पाहिलं. पाटलांकडे पाहिलं. मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि तो असा खदखदून हसला, की खूण अगदी बरोबर आहे हे साऱ्या दरबाराला पटलं!

"हरलो, पोरी! धान्य माझं आणि त्याचा जाबही मीच विचारणार. शिकवायचं कसं ते घणवाडी ठरवेल. हात मोकळे! पाटील, कडबा स्वतःच्या डोक्यावरून बाहेर काढायचा!" राजानं हातातलं सोन्याचं कडं काढून बयजाच्या हातात घातलं. "आणि दिवाणजी, तुम्ही उद्यापासून घणवाडीच्या शाळेत. सगळ्यात धाकट्या मुलांबरोबर बसायचं!"

"महाराज!" दिवाण रडकुंडीला आले. "पण तिथून सुटका कधी?"

"ते मला राजधानीत बसून काय कळणार?" राजा पोट धरून हसत म्हणाला. "बयजाबाईंना विचारा!"