म्वारुंगाचं बिनदाराचं देऊळ

पूर्व आफ्रिकेत, समुद्रापासून पायी चार दिवसांच्या वाटेवर म्वारुंगा नावाचं गाव आहे. गावाच्या टोकाला मातीच्या भिंतींचं एक ख्रिस्ती प्रार्थनामंदिर उभं आहे. छप्पर आता पत्र्याचं झालंय, बाकही नवे आहेत, पण दाराच्या जागी नुसती चौकट आहे. तिला बिजागरीही नाही. आम्ही नाशिकचे चौघे तिथे गेलो तेव्हा एक शेळी वेदीजवळ निवांत बसली होती आणि तिला कुणी हुसकत नव्हतं.

देवळाची देखभाल डॅनियल नावाचे म्हातारे गृहस्थ करतात. वडीलधाऱ्यांना तिकडे ‘म्झे’ म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना म्झे डॅनियल म्हणू लागलो. आम्ही नाशिकहून आलोय हे कळल्यावर हाताला धरून त्यांनी आम्हांला पायरीवर बसवलं. त्यांनी सांगितलेली हकिकत ही अशी.

फार वर्षांपूर्वी, गुलामांचे व्यापारी या डोंगरांतून फिरत असत त्या काळी, एका झोपडीचं गवताचं दार बाजूला सारून त्यांनी सात वर्षांचं एक पोर उचललं. ते कुठल्या गावचं होतं हे पुढे त्यालाही आठवेना. किनाऱ्यावर त्याला गलबतात कोंबलं. वाटेत इंग्रजांच्या गस्तीच्या जहाजानं ते गलबत पकडलं, पोरं सोडवली आणि मुंबईला नेली. तिथून हे पोर नाशिकजवळच्या मिशनच्या आश्रमात आलं. तिथे त्याचं नाव इलीशा ठेवलं. तिथेच तो मराठी बोलायला, बायबल वाचायला आणि सुतारकाम करायला शिकला. त्याच्यासारखीच सोडवून आणलेली ताबीथा तिथेच वाढली होती. दोघांचं लग्न झालं. मग मिशननं विचारलं की, तुमच्या मुलखात जाऊन शुभवर्तमान सांगाल का? दोघं हो म्हणाले.

म्वारुंगात ते आले ते सुतारकामाची पेटी, तापावरच्या कोयनेलची बाटली आणि वर्षाची कृपा नावाची मुलगी घेऊन. इलीशाला वाटलं होतं, आपण आपल्याच माणसांत चाललोय. पण जन्मभाषा तो विसरला होता. किनाऱ्यावरची मोडकी स्वाहिली तेवढी त्याला येत असे. किनाऱ्याकडून आलेला, अंगात सदरा घातलेला माणूस गावानं यापूर्वी एकाच कामासाठी आलेला पाहिला होता. तो दिसला की आया पोरांना घरात ओढून घेत, असं सांगतात.

त्यानं हे देऊळ बांधलं आणि त्याला दार केलं. हलक्या पण चिवट लाकडाच्या फळ्या स्वतः तासून, सहा महिने खपून त्यानं ते घडवलं. आतून लोखंडी कडी बसवली. ती त्यानं नाशिकहून बरोबर आणली होती. प्रार्थना सुरू झाली की तो कडी लावून घेई. देवळात असायची तिघंच, तरी लावून घेई. गवताचं दार ज्यानं एकदा सरकताना पाहिलंय, त्याला कडीशिवाय डोळे मिटणं जमत नसावं.

गावचा वैदू म्वांबुरी एकदा तिथून जाताना थांबला आणि म्हणाला, “तुझ्या देवालाही चोरांची भीती वाटते का?”

इलीशा आत गेला आणि त्यानं कडी लावून घेतली.

दुसऱ्या वर्षी वाळवीनं छप्पर खाल्लं. कोयनेल संपलं. किनाऱ्याहून सामान घेऊन हमाल यायला दोन महिने होते आणि कृपाला ताप भरला. आठव्या दिवशी ती गेली. परक्याचं मढं शिवलं तर रोगराई घरी येते, असं गावात मानत, त्यामुळे कुणी आलं नाही. आईबापांनीच खड्डा खणला. दोघं देवळात जाऊन, कडी लावून बसली. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा उंबऱ्याशी वाळवून कोरलेला एक भोपळा होता, दुधानं भरलेला. दूध उन्हानं नासलं होतं. कुणीतरी दुपारी आलं असणार, हाक मारावी की नाही या विचारात थांबलं असणार आणि परत गेलं असणार. ताबीथा तो भोपळा मांडीवर घेऊन रडली. मुलीला पुरतानाही ती इतकी रडली नव्हती म्हणे.

तरी ती दोघं राहिली. परत या, असं मिशननं कळवलं होतं. इलीशानं सामान बांधायला घेतलं. ताबीथानं ते सोडलं आणि एवढंच म्हणाली की, कृपाला इथे एकटीला ठेवून मी जाणार नाही.

मग दुष्काळ पडला. सलग दोन वर्षं ज्वारी करपली. गाई मेल्या आणि घराघरांतले दुधाचे, पाण्याचे भोपळे आढ्याला रिकामे लटकू लागले. तिसऱ्या वर्षी वरच्या डोंगरात पाऊस झाला आणि कोरडी नदी एका दुपारीत दुथडी भरली. नेमकी त्याच वेळी म्वांबुरीची मुलगी वाकेशो बाळंतपणात अडली होती. तिसरा दिवस होता. म्वांबुरीनं आपलं सगळं करून पाहिलं होतं. तो देवळाकडे येणार नव्हता, म्हणून ताबीथाच त्याच्या घरी गेली. पोटावरून हात फिरवून तिनं ओळखलं की मूल आडवं आहे. गेल्या वर्षीच आलेला मिशनचा डॉक्टर नदीपलीकडे अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होता, पण नदीला ना पूल, ना नाव.

ती धावत इलीशाकडे आली. “अहो, गोदावरीला पूर आला की लोक भोपळ्यांची सांगड करून उतरायचे, आठवतं? भोपळे इथे आहेत. वर निजवायला सपाट काहीतरी हवं.”

इलीशानं इकडेतिकडे पाहिलं. अख्ख्या गावात सपाट अशी एकच वस्तू होती.

“दार काढा,” ताबीथा म्हणाली.

तो किती वेळ उभा होता, हे निरनिराळे लोक निरनिराळं सांगतात. म्झे डॅनियल म्हणाले, एक श्वासभर. मग त्यानं पेटी उघडली आणि बिजागऱ्या उपटल्या. दार डोक्यावर घेऊन तो गावातून निघाला तेव्हा बायका दारांत आल्या. ताबीथानं भोपळे मागितले. आधी एक म्हातारी आपला भोपळा घेऊन आली. मग प्रत्येक घरातून भोपळे आले. त्या दुष्काळात ज्या गावाकडे द्यायला काही नव्हतं, त्यानं आपलं रिकामपणच दिलं, असं म्झे डॅनियल म्हणाले.

दाराखाली चाळीस भोपळे बांधले. वाकेशोला वर निजवून ताबीथानं नाशिकहून आणलेलं एकुलतं लुगडं फाडून तिला बांधलं. ताबीथा वर तिच्या पोटाशी बसली; एका बाजूला म्वांबुरी, दुसऱ्या बाजूला इलीशा, मागे गावातले दोन पोहणारे. इलीशाला गलबतानंतर पाण्याची धास्ती होती. तो सबंध वेळ मराठीत काहीतरी पुटपुटत होता. म्वांबुरीला त्यातला शब्दही कळला नाही, पण त्या आवाजावर त्यानं पाय मारले, असं पुढे तोच सांगत असे.

मधोमध लोंढ्यानं दार गरकन फिरलं आणि वाकेशो ओरडली. पैलतीरी टेकले तेव्हा डॉक्टरकडे जायची गरजच उरली नव्हती. पाण्याच्या हिसक्यानं म्हणा, ताबीथाच्या हातानं म्हणा की प्रार्थनेनं, मूल आत फिरलं होतं. काठावरच्या झाडाखाली, त्या दारावरच वाकेशोला मुलगी झाली. दोघी जगल्या.

सगळे बाळाभोवती वाकले होते तेवढ्यात नदी आणखी चढली आणि वाकेशोला नुकतंच ज्यावरून उतरवलं होतं ते दार भोपळ्यांसकट वाहून निघालं. एक पोहणारा मागे धावला. इलीशानं त्याला हातानंच थांबवलं. दार कडीसकट वळणापलीकडे जाईपर्यंत तो बघत राहिला.

म्वांबुरी त्याच्याशेजारी येऊन बसला. त्यानं विचारलं, “तुझ्या मुलीचं नाव काय होतं? मी कधी विचारलं नाही.”

“कृपा,” इलीशा म्हणाला.

म्वांबुरीनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. तिसऱ्यांदा बरोबर आला, तेव्हा तो नातीच्या कानाशी वाकला आणि तिला त्यानं तेच नाव दिलं.

पाणी ओसरल्यावर म्वांबुरी चांगलं लाकूड घेऊन देवळाशी आला. दार कर, म्हणाला. इलीशानं फळ्या हातात घेऊन पाहिल्या. “दार नको,” तो म्हणाला. “ते बंद असताना कोण येऊन परत गेलं, हे मला कळलं नाही.” त्या फळ्यांचा त्यानं बाक केला आणि म्वांबुरी त्यावर बसला. म्वांबुरीनं पुढे बाप्तिस्मा घेतला की नाही, याबद्दल गावात एकमत नाही. दर रविवारी तो येऊन बसे, एवढं मात्र सगळे सांगतात. ताबीथा वारली तेव्हा इलीशाच्या हाती कुणी फावडं दिलं नाही. खड्डा गावानं खणला.

बऱ्याच वर्षांनी शहरातल्या मंडळींना या उघड्या चौकटीची लाज वाटली आणि त्यांनी नक्षीकाम केलेलं एक भारी दार पाठवून दिलं. गावानं आभार मानले, दाराला चार पाय ठोकले आणि ते आंब्याखाली मांडलं. आजही म्वारुंगातल्या प्रत्येक लग्नाचं आणि प्रत्येक मयताचं जेवण त्यावरच वाढलं जातं. त्या दुपारी म्झे डॅनियल आम्हांलाही तिथे घेऊन गेले. घेवड्याची उसळ होती, मक्याचा घट्ट सांजा होता. आम्ही चौघे बसल्यावर गावातली माणसं एकेक करून आली आणि न विचारता सरकून, जागा करून, आमच्यात बसली.