शेवरगावची अळणी पंगत

शेवरगावच्या मिशन शाळेत उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या, रविवारी पाहुणा म्हणून गेलात, तर एक चमत्कारिक गोष्ट पाहायला मिळते. उपासना आटोपते, दीडशे मुली पटांगणात पंगतीला बसतात, पानात बाजरीची भाकरी पडते, वरण वाढलं जातं, आणि मग सगळं थांबतं. कोणी घास उचलत नाही, जेवणाआधीची प्रार्थनाही होत नाही. मुली फाटकाकडे पाहत राहतात. वरणावर साय धरते. कधी अर्धा तास जातो, कधी त्याहून जास्त. नवख्या पाहुण्याला वाटतं, कोणी मोठा साहेब यायचा असेल.

शाळेचे निवृत्त शिक्षक शमुवेल गुरुजी अशा पाहुण्याशेजारी मुद्दाम बसतात. "वरण चाखून बघा," म्हणतात. पाहुणा बोट लावतो आणि तोंड वाकडं करतो. वरण अळणी असतं, भाजीही अळणी. स्वयंपाकघरात त्या दिवशी मिठाचा खडा वापरत नाहीत. का, ते गुरुजी पुढे सांगतात. त्यांनी ते आपल्या आजीकडून ऐकलेलं आहे.

फार मागची गोष्ट. तेव्हा इथे दगडी इमारत नव्हती, कुडाच्या दोन लांब खोल्या होत्या आणि सत्तावीस मुली. त्यांना सांभाळायला एकटी हन्नाबाई साळवे. दुष्काळात आईबाप गेलेली, याच शाळेत लहानाची मोठी झालेली. देवावर तिचा असा विश्वास, की दळायला जोंधळे संपले तरी ती आधी गुडघे टेकायची आणि मग डबे उघडून बघायची, असे सांगतात.

त्या वर्षी भादव्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. नदीला पूर होता, त्यामुळे पलीकडच्या शहरातून पाद्रीसाहेबांना औषध घेऊन येता येईना. चार दिवसांत चार मुली गेल्या. नऊ अंथरुणाला खिळल्या. हन्नाबाईने फाटकाला आतून दोर बांधला, बाहेरचं कोणी आत येऊ नये आणि आतला रोग गावात जाऊ नये म्हणून. मग ती नदीकडच्या खिडकीशी बसून एकच मागणं मागत राहिली: प्रभू, वैद्य पाठव.

पाचव्या दिवशी भर दुपारी फाटक वाजलं. हन्नाबाई धावत गेली. तिला वाटलं, पूर ओसरला, साहेब आले.

फाटकात एक लमाण म्हातारी उभी होती. मागे एक बैल, बैलाच्या पाठीवर मिठाची गोणी, आणि म्हातारीच्या खांद्यावर मान टाकलेली सहा-सात वर्षांची पोर.

"बाई, आडोसा दे. नात हातची चाललीय."

"इथं पटकी आहे, आई. चार लेकरं गेली. आत येऊ नका."

"हिलाबी तेच झालंय. तांड्यानं बाहेर काढलं. गावानं वेशीवरून परतवलं. आता तूच सांग, कुठं जाऊ?"

हन्नाबाईचा हात दोरावर होता, पण गाठ सोडवेना. त्या घटकेला ती देवावर रागावली म्हणे. मी वैद्य मागितला, आणि तू आणखी एक आजारी पोर माझ्या दारात आणून ठेवलीस? आत नऊ आहेत, दहावी कुठे निजवू? पण पोरीने मान उचलून तिच्याकडे पाहिलं. हन्नाबाईला गाठ सोडत बसण्याइतकाही धीर निघेना. तिने कोयता आणून दोर कापला.

म्हातारीचं नाव गमलीबाई. ओसरीत बसल्याबरोबर तिने पाणी उकळायला ठेवायला सांगितलं. ते निवल्यावर त्यात गूळ घातला, गोणीतलं चिमूटभर मीठ घातलं. मग स्वतःच्या डोळ्याच्या कडेला बोट लावून ते जिभेवर ठेवलं, आणि पाण्याचा थेंब चाखला.

"डोळ्यातल्या पाण्याएवढं खारट पाहिजे. त्याहून जास्त नको," ती म्हणाली आणि ते पाणी शिंपलीने नातीला पाजू लागली.

हन्नाबाईने तिचा हात धरला. त्या काळी समज असा, की पटकीच्या रोग्याला पाणी द्यायचं नाही. तिने स्वतः मुलींना दोन-दोन दिवस पाण्यावाचून ठेवलं होतं, त्या रडल्या तरी.

"पाणी दिलं तर लेकरू जाईल!"

"न देता चार गेली ना?" गमलीबाई म्हणाली.

खोलीत दीना नावाची आठ वर्षांची मुलगी सकाळपासून पाणी-पाणी करत होती, आता तिचा आवाजही बंद झाला होता. हन्नाबाई तिच्याजवळ जाऊन बसली. पहिली शिंपली उशीवर सांडली. दुसरी दीनाच्या ओठांत गेली. मग तिसरी. तिन्हीसांजेला दीनाने डोळे उघडले आणि आणखी मागितलं.

पुढे आठ दिवस त्या दोघी एका अंथरुणावरून दुसऱ्यावर शिंपली घेऊन फिरत होत्या. मुली गमलीबाईला तिच्या नातीसारखंच "याडी" म्हणू लागल्या. लमाणी बोलीत याडी म्हणजे आई. नऊच्या नऊ मुली उठल्या, दहावी नातही उठली. एका सकाळी गमलीबाईने नातीला बैलावर बसवलं आणि ती तांड्याकडे निघून गेली. मिठाची उरलेली गोणी ओसरीतच राहिली.

त्यानंतरच्या रविवारी हन्नाबाईने उपकारस्तुती ठेवली. नवी बाजरी आली होती. चुलीवर वरण रटरटत होतं. हन्नाबाईने प्रार्थना केली, पुष्कळ वेळ. देवाचे आभार मानले, गूळ-मिठाच्या औषधाचे, पूर ओसरल्याचे, बाजरीचे. मुलींनी आमेन म्हटलं. दीना मात्र गप्प.

"काय गं?"

"बाई, याडीचं नाव राहिलं."

हन्नाबाईला चटका बसल्यासारखं झालं. ती म्हणाली, "अगं, देवानंच पाठवलं होतं तिला."

"मग देवाला माहीत आहे," दीना म्हणाली. "पण याडीला कुठं माहीत आहे?"

हन्नाबाई उठली. वरणात मीठ घालायला निघालेल्या मुलीच्या हातातून तिने वाटी काढून घेतली. "थांब. आज मीठ तिच्याच हातचं पडेल," म्हणाली, आणि अनवाणीच तांड्याच्या वाटेला लागली. तांडा तीन कोस लांब, डोंगराच्या उतारावर. जाऊन येईपर्यंत दिवस कलला. मुली भुकेल्या बसून होत्या, पण एकीनेही भाकरी मोडली नाही, असे सांगतात. गमलीबाई आली, तिने पातेल्यात मूठ सोडली, आणि हन्नाबाईने पुन्हा प्रार्थना केली. या वेळी फार छोटी. त्यात दोनच नावं होती.

आजही उपकारस्तुतीच्या रविवारी तांड्यावरची एक म्हातारी मिठाची पुरचुंडी घेऊन येते. आता रिक्षातून येते, म्हणून उशीर कमी होतो. ती पातेल्यात मीठ सोडते, ते वरण पानापानात पुन्हा वाढतात, मग प्रार्थना होते, आणि मगच मुली घास घेतात.

एका वर्षी गुरुजींनी त्या म्हातारीला विचारलं, "आजी, आम्ही तुमचे उपकार फेडतो ते ठीक. पण तुम्ही दर वर्षी न चुकता कशा येता?"

"तुम्ही कसले उपकार फेडताय?" म्हातारी म्हणाली. "साऱ्या मुलखानं दारं लावली होती, तवा तुमच्या बाईनं दोर कापला. ते फेडायला आम्ही येतो."