दोरीची भाकरी

धुकं काय, दोरी काय, सगळं अजून माणसांशी बोलायचं, त्या काळची गोष्ट. माळावर ठकू धनगरीण मेंढरं राखायची. तिचा कुत्रा काजळ्या दोरीला असला की गुणाचा, सुटला की हाकेला ओ देईना. ठकू हाका मारून दमायची, त्याला धरायची, बांधायची आणि मग भाकरीचा तुकडा टाकायची. तिच्या आईनंही असंच केलं होतं.

एका पहाटे काजळ्या दोरीतून निसटला आणि धुक्यात कड्याकडे निघाला. ठकूनं रिकामी दोरी खांद्यावर टाकली आणि ती मागे धावली.

खांद्यावरची दोरी म्हणाली, "ठके, भाकरी तू मला त्याच्या गळ्यात बांधल्यावर देतेस. त्याला वाटतं, भाकरी माझी. तुझ्या हाकेनंतर त्याला भेटते ती नुसती मी."

ठकूनं हाक मारली. धुक्यात एक कान वळला. कान वळला त्याच क्षणी तिनं तुकडा टाकला. तो खाऊन काजळ्यानं वर पाहिलं, तर दुसरा तुकडा आणखी अलीकडे पडला. असं करत त्याचं ओलं नाक तिच्या तळहाताला लागलं. ठकूचा हात सवयीनं दोरीकडे गेला.

"आज नको," दोरी पुटपुटली.

मग तिघं घरी निघाली. काजळ्या पायात घोटाळत चालला होता. दोरी मात्र खांद्यावर गाढ झोपली, जन्मात पहिल्यांदा.