शिंप्यापेक्षा मोठा टीव्ही

आटपाट नगर वगैरे काही नाही, चार आळ्यांचं साधं गाव. त्या गावात रंगनाथ नावाचा एक कासार राहायचा. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन तो वाड्या-वस्त्यांवर फिरे. मिजास मात्र अशी, की पेटीत जणू हिरेच आहेत.

त्याच्या लेकीचं, वैजूचं, लग्न सासरच्या गावी झालं. रंगनाथची म्हातारी आई मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. तिला काही जाता आलं नाही. जावयाने आठवणीने लग्नाची सीडी पाठवली. म्हातारी ती उशाशी घेऊन निजे आणि रोज विचारी, "रंगा, माझी वैजू नवरी झालेली मी कधी बघू? माझं काय, पिकलं पान."

शेजारच्या महिपती शिंप्याकडे छोटासा टीव्ही होता, सीडी प्लेअरही होता. "घेऊन या काकूंना," तो म्हणाला. रंगनाथने नाक मुरडलं. लेकीचं लग्न लोकाच्या घरात जाऊन बघायचं? पण तिथला चहा पिता पिता त्याने शिंप्याच्या टीव्हीला हळूच वीत लावून पाहिली.

बायकोने पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवले होते. ते घेऊन तो तालुक्याला गेला. दुकानात शिरल्याबरोबर याने पुन्हा वीत काढली आणि एकेक टीव्ही मोजायला लागला. दुकानदार सरळ माणूस होता.

"काका, एवढ्या पैशांत लहान टीव्ही आणि सीडी प्लेअर, दोन्ही बसतात. हा मोठा घेतलात तर नुसता टीव्हीच येईल."

"मोठाच बांधा," रंगनाथ म्हणाला. तो शिंप्याच्या टीव्हीपेक्षा चांगला वीतभर मोठा होता.

टीव्ही घरी आला. बायकोने त्याला हळदकुंकू वाहिलं. म्हातारी केस विंचरून, नवं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसली. बटण दाबलं. पडद्यावर एक साहेब खताची माहिती सांगत होता.

"ह्यो कोण?" म्हातारी म्हणाली. "वैजू कुठं हाय?"

"सीडीचं मशीन जत्रेनंतर घेऊ, आई. आधी टीव्ही तर बघ केवढा आहे."

 म्हातारीने भिंतीकडे तोंड केलं. रंगनाथला तेवढं बघायलाही सवड नव्हती. तो पेढे घेऊन गावभर सांगत सुटला.

दिवेलागणीला तो दहा-पाच माणसं घेऊन परतला, आणि दारातच थिजला. अंथरूण रिकामं होतं.

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. जिला बसतं करायला दोघं लागतात, ती बाई जाईल कुठे? बायकोही घरात नव्हती. नको नको ते मनात येऊन त्याच्या तोंडचं पाणी पळालं. म्हातारीचं काही बरंवाईट तर झालं नाही? पेढ्यांचा पुडा हातात तसाच धरून तो अंगणात आला, तर शिंप्याच्या घरातून सनईचा आवाज येत होता.

तो धावत गेला. शिंपी नवराबायकोने म्हातारीला खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं. समोर तो इवलासा टीव्ही. त्यात वैजू मुंडावळ्या बांधून उभी होती. रंगनाथची बायको पदराने डोळे पुसत होती. म्हातारी तर पापणीही लववत नव्हती.

"आई, अगं आपल्या घरी एवढा मोठा टीव्ही असताना..." रंगनाथ म्हणाला.

म्हातारीने पडद्यावरची नजर काढली नाही. "मोठा हाय रं बाबा. पर माझी नात त्यात मावली न्हाई."

बरोबर आलेली माणसं मागोमाग येऊन दारात उभी होती. रंगनाथला कुणाकडे बघावं ते कळेना. शिंप्याने सरकून त्याला जागा दिली, आणि तो मान खाली घालून सतरंजीवर बसला.

तात्पर्य: ज्याच्यासाठी वस्तू आणायची त्याला विसरून जो शेजाऱ्याकडे बघत खरेदी करतो, त्याच्या घरी वस्तू येते, आणि सुख शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसतं.