खोकला काढलेली भूपाळी

"पण गाणं तर सगळं शाबूत आहे. मग ती रडते कशाला, बुवा?"

विश्राम विचारत होता आणि हिरागीर बुवा वाती वळत बसले होते.

तापीकाठच्या त्या मठाची वेबसाइट विश्रामनं उभी केली, तीही फुकट, हे मान्य. पोरगा हुशार. पण मिजास केवढी! मठात येताना चपला बाहेर काढायचा, ती मात्र आत घेऊन यायचा.

मठात जन्मभर भूपाळी म्हणणारी काशीअक्का दिवाळीनंतर वारली. तिच्या आवाजातल्या भूपाळ्या साइटवर होत्या. तिची लेक नंदा लांब सासरी. रोज सकाळी चहा टाकताना ती त्या लावायची. आज तिचा फोन आला, आणि ती नुसती रडली. ही माझी आई नाही, म्हणाली.

"मी उलट सुधारलंय," विश्राम म्हणाला. "खरखर काढली, खोकला काढला, सुरुवातीची कुजबुज काढली. आता कसं स्वच्छ ऐकू येतं."

बुवांचे हात थांबले.

"कुजबुज?"

"असेल काहीतरी, गाण्याआधीचं."

बुवांनी हातातली वात खाली ठेवली. मग म्हणाले, "नंदे, ऊठ गं बाई... असं म्हणायची ती. लेक सासरी गेली तरी म्हणायची. सवयच ती. मग खोकायची, मग गायची. मी शेजारीच बसलेला असायचो."

विश्रामचा चेहरा उतरला.

"जुनं परत आण," बुवा म्हणाले.

"नाही येणार."

"का रे?"

"फाइली चढवायचं एक सॉफ्टवेअर असतं, फुकट मिळतं. पडद्याचे दोन भाग. डावीकडं आपला कॉम्प्युटर, उजवीकडं साइट. डावीकडची फाइल उजवीकडं ओढली, की झालं. नव्या फाइलींना मी जुनीच नावं ठेवली होती..."

"मग?"

"त्यानं विचारलं, या नावाची फाइल तिथं आहे, तिच्या जागी ही ठेवू का?"

"विचारलं होतं?"

"हो. मी म्हटलं, ठेव. सगळ्यांनाच ठेव, आणि परत विचारू नको."

"तुझ्याकडं असेल की एखादी."

"पुसल्या, बुवा. साइटवर आहेत म्हणून."

बुवा रागावले असते तर बरं झालं असतं. ते पुन्हा वाती वळायला लागले.

तेवढ्यात फोन वाजला. नंदाचाच.

"तुम्ही घ्या, बुवा. सांगा, साइट जिथं असते त्या कंपनीच्या मशीनमध्ये बिघाड झाला म्हणून."

बुवांनी फोन घेतला, चालू केला, आणि विश्रामच्याच कानाला लावला. हात काढला नाही.

विश्रामनं सांगितलं. खरं ते सगळं.

नंदा चिडली नाही. म्हणाली, "बरं, दादा. पण कापायच्या आधी तुम्ही ऐकलं असेल ना? कशी म्हणायची आई, तेवढं सांगा. मी आठवायला गेले की माझाच आवाज येतो."

विश्रामनं बुवांकडं बघितलं.

"दादा?"

"नाही ऐकलं, ताई. पडद्यावर आवाजाच्या रेघा दिसतात. बारीक रेघ दिसली की कापायची. मी नुसतं बघून कापलं."

नंदानं फोन ठेवला नव्हता. तिचा श्वास ऐकू येत होता.

विश्रामला हुंदका आला. फोनवर तळहात ठेवून तो कसाबसा म्हणाला, "बुवा, आवाज फुटत नाही. पाणी पितो, घसा साफ करतो, मग नीट बोलतो तिच्याशी."

"नको," बुवा म्हणाले. "असाच बोल."