पाहुण्यांची अरेबिका

कॉफीतलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, हे तामसकरशेठ गिऱ्हाइकाला पहिल्याच वाक्यात ऐकवत. त्यांच्या दुकानात पारखी हवा होता, म्हणून शर्वाणी मुलाखतीला गेली. शेठनी भाजलेल्या बियांच्या दोन वाट्या पुढे सरकवल्या.

"ही महागडी अरेबिका, ही स्वस्त रोबस्टा. कोणती विकू?"

शर्वाणीने दोन्ही हुंगल्या. "रोबस्टा. ती ताजी आहे. अरेबिका जातीने उंची, पण वर्षभर पडून तिचा वास उडालाय."

"खास पाहुण्यांसाठी जपलीय ती!" शेठ भडकले. "तीस वर्षं या गादीवर बसलोय मी. कालची पोर तू, मला शिकवतेस?"

"शेठ, नुसतं एका जागी राहून अनुभव येत असेल, तर नोकरी या अरेबिकालाच द्या."

शेठनी वाटी नाकाशी नेली. एकदा हुंगली, पुन्हा हुंगली. मग शर्वाणीकडे न बघताच पुटपुटले, "सोमवारपासून ये."